पानाच्या सांध्यापासून दाण्यापर्यंत: शहापूर-मुरबाडच्या धान्यगवतांची ओळख

प्रस्तावना

आषाढात शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही खाचराच्या बांधावर उभे राहिले, तर नजर पोहोचेल तिथपर्यंत दिसते ते गवतच असते. खाचरातले भात गवत, त्याच्या चुडात घुसलेली पाखड गवत, बांधावरची हरळी गवत आणि वरच्या माळावरची नागली नि वरी हीही गवतेच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी सगळी एकाच कुळातली. त्यातल्या एकावर घराचे वर्ष उभे असते आणि दुसरे उपटून बांधावर फेकायचे असते. लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र दोघांचा रंग, उंची आणि पात्यांची ठेवण इतकी सारखी असते की नवख्या माणसाचा हात नेमका भातावर पडतो. हा फरक ओळखता येणे हे शेतीतले पहिले शिक्षण आहे. ज्यांना ते घरी मिळाले नाही त्यांच्यासाठी, आणि मिळाले असूनही त्यामागचे कारण जाणून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी, ही पुस्तिका केली आहे.

पिकवलेले गवत ओळखताना दोन प्रकारच्या खुणा पाहाव्या लागतात. एक कुळाची खूण. पानाच्या सांध्याशी काय आहे, फुलात पुंकेसर किती, दाण्याभोवती कोणती आवरणे, या गोष्टी त्या जातीबरोबर येतात आणि सहसा बदलत नाहीत. दुसरी माणसाच्या हाताची खूण. पिकलेला दाणा गळतो की देठाला धरून राहतो, सगळी लोंबी एकदम पिकते की थोडी थोडी, दाणा भरदार की किडकिडीत, या गोष्टी हजारो वर्षांच्या पेरणी-कापणीतून घडल्या आहेत. पहिल्या खुणेवरून झाड कोणाचे ते कळते, दुसऱ्या खुणेवरून ते पीक आहे की रानटी ते कळते. दोन्ही पाहिल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, हे या पुस्तिकेचे मुख्य सांगणे आहे.

हा भाग अशा अभ्यासाला फार अनुकूल आहे. सह्याद्रीच्या कड्याखाली, माहुलीपासून गोरखगड-सिद्धगडापर्यंत पसरलेल्या या मुलखात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापुरातली. जमिनीचे थर उघड दिसतात. खाली पाणी धरून ठेवणारी बांधबंदिस्त खाचरे, त्यांच्यावर उताराची, हलक्या मातीची वरकस जमीन आणि तिच्यावर डोंगर. खाचरात भात आणि वरकसावर नागली, वरी हा इथला जुना हिशेब. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी यांच्या घरांत हेच धान्य वेगवेगळ्या प्रमाणात खाल्ले गेले. ज्याची जमीन वर, त्याच्या ताटात नागली जास्त.

भाताच्या रोपासाठी जमीन भाजण्याची राबाची पद्धतही याच भागाची ओळख. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर पसरून पावसाआधी ते पेटवायचे आणि त्या भाजलेल्या मातीत बी पेरायचे. राखेने रोपाला जोर येतो हे सगळे सांगतात. पण वरच्या मातीतले तणाचे बी त्या आचेने मरते आणि त्यामुळे आवणात भेसळ कमी राहते, हाही राबाचा मोठा फायदा. राबासाठी जंगलातून फांद्या तोडू द्यायच्या की नाही, यावर इंग्रजी अमलात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. म्हणजे शुद्ध रोप हा प्रश्न इथे कधीच किरकोळ नव्हता.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे. आधी ते गवतच आहे ना, याची खात्री करावी. गवताचे खोड कांड्या-पेरांचे असते. पेराशी ते भरीव आणि मधल्या कांड्यात बहुधा पोकळ असते. पाने खोडाच्या दोन बाजूंना, दोन रांगांत निघतात. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. खालचा भाग खोडाला आवरणासारखा गुंडाळलेला आणि वरचा भाग मोकळे पाते. शेतात गवतासारखाच दिसणारा लव्हाळा मात्र या कुळातला नाही. त्याचे खोड दोन बोटांत फिरवले की तीन कडा हाताला लागतात, पाने तीन रांगांत असतात आणि पानाचे आवरण उघडे नसून बंद नळीसारखे असते.

गवतात सगळ्यात उपयोगाची जागा म्हणजे आवरण संपून पाते सुरू होते तो सांधा. डाव्या हाताने खोड धरावे, उजव्या हाताने पाते हलकेच मागे ओढावे आणि सांध्याच्या आतल्या बाजूला पाहावे. भाताच्या सांध्याशी पातळ, पांढुरका, टोकदार पापुद्रा उभा दिसतो. ती जिव्हिका. वय वाढलेल्या पानात ती टोकाशी दुभंगलेली असते आणि खालच्या पानांवर एक-दोन सेंटिमीटर लांबही भरते. तिच्या दोन्ही बाजूंना कोयत्याच्या आकाराच्या, लांब केसांच्या दोन कर्णिका खोडाला कवटाळून असतात. पाखडीचे पाते असेच मागे ओढून पाहावे. तिथे जिव्हिका नाही आणि कर्णिकाही नाहीत, सांधा साफ कोरा. रोपाला तीन-चार पाने आली की ही परीक्षा करता येते. त्याआधीच्या पानांवर या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात, आणि फार जुन्या पानांवर कर्णिका वाळून झडलेल्या असतात. म्हणून मधले, ताजे पान निवडावे.

बेणणी करणाऱ्या बाया पाते मागे ओढून पाहत बसत नाहीत. बुंध्याचा चपटेपणा, पानाच्या मधल्या शिरेचा पांढरेपणा, चुडाची बसण आणि उपटताना हाताला लागणारा जोर यांवरून त्यांना झाड कळते. त्यांच्या या ओळखीचा पिकावर तर परिणाम झालाच, पण तणावरही झाला. दरवर्षी भातापेक्षा वेगळी दिसणारी पाखड उपटली जाते, भातासारखी दिसणारी नजरेतून सुटते आणि तिचे बी पडते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू राहिले की तण पिकासारखे दिसू लागते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलोव्ह यांनी गव्हातल्या राय या तणाचा असाच अभ्यास केला होता. राय आधी गव्हातले तण म्हणून जगली आणि पुढे स्वतःच पीक झाली, असे त्यांनी मांडले. पिकाची नक्कल करणाऱ्या तणांच्या या प्रकाराला आज त्यांचेच नाव आहे. पूर्व आशियातल्या भातशेतीत पाखडीच्या गणातले एक तण भाताची इतकी हुबेहूब नक्कल करते की निसवेपर्यंत लांबून ते भातच वाटते. पण त्यालाही जिव्हिका आलेली नाही. चेहरा बदलला तरी सांधा बदलला नाही. म्हणून सांध्यावर भर द्यायचा.

भाद्रपदापासून हळवे भात आधी, मग निमगरवे, मग गरवे असे पोटरीत येते आणि निसवते. आता दुसरी जागा पाहायची, ती लोंबी. गवताच्या फुलोऱ्याचा सगळ्यात लहान घटक म्हणजे कणिशक. भाताच्या एका कणिशकात एकच दाणा भरतो. तो बाजूंनी चपटा असतो आणि त्याच्या तळाशी दोन अगदी बारीक खवले असतात. ज्याला आपण तूस म्हणतो ती दोन तुकड्यांची असते. मोठ्या तुकड्यावर पाच शिरा, लहानावर तीन, आणि दोघांच्या कडा एकमेकांत घट्ट अडकलेल्या. उन्हाच्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या पुढे लोंबीजवळ थांबले तर ही तूस उघडताना दिसते. आतल्या दोन इवल्या मांसल खवल्यांत पाणी भरून ते फुगतात, तुसाचे तुकडे दूर होतात आणि फिकट पिवळे पुंकेसर बाहेर लोंबू लागतात. ते मोजावेत. भाताला सहा पुंकेसर आहेत. नागली, वरी, सावा, ज्वारी, गहू या सगळ्यांना तीनच. तासाभराच्या आत-बाहेर तूस पुन्हा मिटते आणि दाणा धरायला सुरुवात होते. त्याच काळात पाऊस कोसळला तर पळींज, म्हणजे रिकामे दाणे, का वाढतात ते हे फूल एकदा पाहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इथपर्यंत कुळाची खूण झाली. भाताची हीच सगळी लक्षणे त्याच्या रानटी नातलगातही आहेत. पाणथळ जागी आणि तळ्यांच्या काठाने वाढणाऱ्या रानटी भाताला कोकणात देवभात म्हणतात. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, अशा ऋषिपंचमीच्या व्रतात न पेरता येणाऱ्या धान्याला मान आहे, तो याच जातीच्या धान्याला. देवभाताला जिव्हिका आहे, कर्णिका आहेत, सहा पुंकेसरही आहेत. मग तो वेगळा ओळखायचा कसा? लांब, बहुधा तांबूस कुसळ आणि लोंबीतून एकेक करून गळणारे दाणे यांवरून. दाणा जिथे देठाला चिकटतो तिथे रानटी भातात पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि दाणा पिकताच तो तुटतो. पिकवलेल्या भातात हा थर पुरता काम करत नाही, म्हणून दाणा झोडूनच काढावा लागतो. हातभिंग घेऊन दाण्याचे बूड पाहिले तर हे डोळ्यांना दिसते. आपोआप गळलेल्या रानटी दाण्याच्या तळाशी गुळगुळीत व्रण असतो आणि झोडलेल्या भाताच्या दाण्याच्या तळाशी फाटल्यासारखा खडबडीत.

एवढ्याशा व्रणावरून माणसाच्या शेतीचा इतिहास वाचला गेला आहे. चीनमधल्या यांगत्से खोऱ्याच्या मुखाजवळ तियानलुओशान येथे उत्खननात सापडलेल्या भाताच्या कणिशकांचे तळ २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले गेले. सुमारे ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांत न गळणाऱ्या, म्हणजे पिकवलेल्या दाण्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलेले आढळले. बदल इतका संथ होता. दाणे गळण्याशी संबंधित दोन जनुके २००६ साली वेगवेगळ्या संशोधकगटांनी शोधली. त्यांतल्या प्रत्येकात एका अक्षराएवढ्या फरकाने गळणे कमी झाले, असे त्यांना आढळले. खळ्यावर भारे झोडताना जी मेहनत लागते, तिचे मूळ या अक्षरात आहे. ती मेहनत नसती तर दाणा खाचरातच पडला असता आणि घरी कणगी भरली नसती.

माळावर चढले की नागली, म्हणजेच नाचणी, भेटते. तिची गोष्ट वेगळ्या खंडातून आली आहे. पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवर ती पिकात आणली गेली आणि हजारो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे भारतात आली. गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ साली फळे आणि बिया यांवरच्या आपल्या ग्रंथात तिला एल्युसिनी कोराकाना हे आजचे शास्त्रीय नाव दिले. दाणा नीट पाहणाऱ्या माणसाने तिला नाव दिले हे योग्यच झाले, कारण नागलीचा दाणा गवतांत वेगळा आहे. बहुतेक गवतांच्या दाण्यात फळाची साल बीला घट्ट चिकटलेली असते. नागलीत ती पातळ पापुद्र्यासारखी सुटी असते. ताजा दाणा ओल्या बोटांनी चोळला की पापुद्रा निघून येतो आणि खाली तांबडे, गोल बी दिसते.

झाड कोवळे असताना नागलीचे खोड चपटे आणि पानांची आवरणे मधोमध दुमडलेली असतात. बुंधा दोन बोटांत धरला की चपटेपणा लगेच कळतो. सांध्याशी भातासारखा लांब पापुद्रा नसतो, तिथे आखूड केसांची झालर असते. निसवल्यावर खोडाच्या टोकाला बोटांसारखी कणसे पसरतात. बहुतेक एकाच ठिकाणाहून निघतात आणि एखादे अंगठ्यासारखे थोडे खाली असते. प्रत्येक बोटाच्या एकाच बाजूला कणिशकांच्या दोन दाट रांगा असतात आणि एका कणिशकात अनेक दाणे भरतात. वाटेच्या कडेला, अंगणात उगवणाऱ्या रान नाचणीलाही चपटे खोड, केसांची झालर आणि बोटांसारखी कणसे आहेत. फरक पुन्हा माणसाच्या हाताच्या खुणेत आहे. रान नाचणी जमिनीला धरून पसरते, तिची बोटे बारीक असतात, दाणा काळपट, लांबोडका आणि सुरकुतलेला असतो आणि पिकला की गळतो. नागली उभी वाढते, तिचा दाणा गोल, फुगीर असतो आणि पिकल्यावर आवरणातून डोकावतो, तरी कणसातच राहतो.

वरी, सावा आणि कोदरा यांच्यात गोंधळ जास्त होतो. उपवासाला बाजारात भगर किंवा वरई म्हणून जे मिळते, ते कधी वरी असते आणि कधी सावा. सोललेल्या पांढऱ्या दाण्यांवरून दोघांत फरक करणे अवघड आहे, शेतात मात्र तो क्षणात होतो. वरीच्या पानाच्या सांध्याशी केसांची झालर आहे, सावा पाखडीच्याच गणातला असल्याने त्याचा सांधा कोरा आहे. वरीची लोंबी मोकळी, वाऱ्यावर झुकणारी, लांब देठांवर एकेक दाणा लोंबणारी. साव्याचे कणीस आखूड, गच्च, एका बाजूला दाटीने लागलेल्या दाण्यांचे. वरीच्या दाण्यावरचे कवच गुळगुळीत आणि चकचकीत असते. कोदऱ्याचा दाणा एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर, चपट्या दांडीच्या एकाच बाजूला ओळीने बसवलेला. कोदरा ओळखता यायला हवा, याला आणखी एक कारण आहे. ओल्या हवेत त्यावर बुरशी आली तर तो खाणाऱ्याला गुंगी आणतो, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

कोणत्या खुणांवर विसंबू नये, हेही सांगितले पाहिजे. उंचीवर नको, कारण ती मातीवर आणि पाण्यावर ठरते. रंगावर नको. भाताच्या काही जुन्या वाणांचे बुंधे जांभळे असतात, काहींची तूस काळी असते आणि काहींना लांब कुसळे असतात. म्हणून ती रानटी ठरत नाहीत. जागेवरही नको, कारण खाचराच्या कडेने नागली उगवते आणि माळावर भातही पेरतात. एका खुणेवर निकाल देऊ नये. सांधा, फुलोरा आणि दाणा या तिन्ही जागा पाहून मगच नाव लिहावे.

या भागाच्या पिकांची नोंद नवी नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्यावरचा तेरावा खंड १८८२ साली निघाला. त्यात भाताबरोबर नागली, वरी, हरीक (म्हणजे कोदरा) यांची नोंद आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. केवळ गवतांवरचा ब्लॅटर आणि मॅकॅन यांचा ग्रंथ १९३५ चा. आजही गवत ओळखणाऱ्याला त्यांच्याकडे जावे लागते. पण ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि ती शेताच्या बांधावर उघडण्यासाठी लिहिलेली नाहीत. दुसरीकडे बेणणीच्या ओळीत वर्षानुवर्षे साठलेले ज्ञान कुठल्याच पानावर नाही. या दोन ज्ञानांना एकमेकांसमोर बसवावे, एवढाच या पुस्तिकेचा प्रयत्न आहे. म्हणून प्रत्येक गवताचे शास्त्रीय नाव दिले आहे आणि गावातले नावही. गावातले नाव पाड्यागणिक बदलते, तेव्हा वाचकांनी आपल्याकडचे नाव समासात लिहून ठेवावे.

हे काम आता करायला हवे, असे मला मनापासून वाटते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरात नागलीची बिस्किटे मिळू लागली. पण वरकस जमिनीवर नागली लावणारे हात कमी होत आहेत. माळ विकले जात आहेत, तिथे कुंपणे पडत आहेत, शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि तरुण मुले कल्याण-भिवंडीकडे कामाला जातात. त्यांना कोणी दोष देऊ नये. पण पिकाबरोबर पीक ओळखणारी नजरही जाते आणि ती परत आणणे बियाणे परत आणण्याहून कठीण आहे. बियाणे कृषी विद्यापीठाच्या कर्जतच्या किंवा दापोलीच्या केंद्रातून मिळेल. नजर शेतात उभे राहूनच मिळते.

म्हणून ही पुस्तिका घरात ठेवू नये. आषाढात सांधा पाहायला, भाद्रपदात फूल पाहायला आणि अश्विन-कार्तिकात दाण्याचे बूड पाहायला ती शेतात न्यावी. सोबत दहापट मोठे दाखवणारे साधे हातभिंग असावे. शंका आली तर मुळासकट झाड उपटून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे आणि त्यावर गाव, तारीख, जमिनीचा प्रकार नि सांगणाऱ्याने दिलेले नाव लिहावे. शाळांतल्या मुलांकडून हे करून घेतले तर तालुक्याच्या गवतांचा संग्रह दोन-तीन पावसाळ्यांत उभा राहील.

आणि कापणीआधी एकदा बियाण्यासाठी शेतात जावे. पोत्यातून बी निवडता येत नाही, कारण पोत्यात सांधा दिसत नाही, फुटवे दिसत नाहीत आणि दाणा गळतो का तेही कळत नाही. उभ्या पिकात चांगल्या लोंब्या, चांगली कणसे पारखून वेगळी काढणे हेच ते काम, ज्याने रानगवताचे पीक झाले. ते अजून संपलेले नाही. शहापूर-मुरबाडच्या ज्या घरात गवत ओळखणारे कोणी आहे, त्या घरात ते दर हंगामात पुढे जाऊ शकते. त्या घरांची संख्या वाढावी, यासाठी ही पुस्तिका वाचकांच्या हाती देत आहे.